मिलीमीटर सर

कार्डिओग्रामचा कागद हातात आला की सर लाटांकडे बघतच नसत. आधी डाव्या कडेचा तो उभा चौकोनी डबा. खिशातून शाळकरी पोरांचं कर्कटक काढून ते त्याची उंची मोजायचे. डबा दहा मिलीमीटर भरला म्हणजे एक मिलीव्होल्ट, मशीन बरोबर. आधीच्या कुणाच्या उंच लाटा मावाव्यात म्हणून माप निम्म्यावर आणलेलं असलं आणि परत करायचं राहून गेलं, तर डबा पाचच भरायचा आणि धडधाकट माणसाचं हृदयही मरगळलेलं दिसायचं. "पायलीच चेपली असन तं धान कमी भरन ना बावा," म्हणत सर कागद परत करायचे. गोंदियातल्या त्यांच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर म्हणून लागलो, तेव्हा सगळे त्यांना मागून 'मिलीमीटर सर' म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी ते हसलेच असते.

मुर्रीतल्या घरून ते स्कूटरवर येत आणि त्यांच्या वजनानं स्कूटर बिचारी एका बाजूला कलत येई. त्यांच्या स्वतःच्या कार्डिओग्रामच्या लाटा जेमतेम मुंगीएवढ्या. तोच कागद दाखवून ते शिकवायचे, की हृदयात वीज पुरेशी आहे, पण छातीवरच्या तारेपर्यंत येता येता चरबीत विरते. "माहा दिल ल्हान नोहोय. वर पोहा-जलेबीचा थर हाये."

अशा माणसाची एकदा मला लाज वाटली. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही.

सालेकशाकडचा एक पोरगा वनरक्षकाच्या भरतीसाठी पळायचा सराव करत होता. धाप लागते म्हणून आईबरोबर आला. डबा बरोबर दहाचा होता. छातीवरच्या लाटा मात्र ताडासारख्या. सरांनी दोन लाटांची बेरीज केली, आकडा नियमाच्या पुढे गेला. हृदयाची भिंत जाड झाली, भरती विसर, असं सांगून त्यांनी त्याला हृदयाच्या सोनोग्राफीला पाठवलं. ती करून मायलेक गावी गेले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, तर हृदय ठणठणीत. पोरगा काडीसारखा होता, हे आम्ही दोघांनी बघितलं होतं, आणि बेरजेत कुणीच धरलं नव्हतं.

मी म्हणालो, फोन करू आणि मशीन बिघडलं होतं म्हणू. सरांनी कर्कटक खिशात ठेवलं. "मशीनले तोंड नाही म्हनून तिच्यावर ढकलू का? अन् भेव का फोननं घातलं होतं मी?"

स्कूटर सुरू झाली. मागे मी.

पोरगा अंगणात मोहफुलांच्या टोपलीजवळ पडून होता. त्याचे बूट आईने धाकट्या भावाला देऊन टाकले होते. चार शेजारी जमले. सर सरळ म्हणाले, "मी चुकलो. भित पातळ असली तं शेजारचं भांडन मोठ्यानं आयकू येते. तसं तुह्या छातीचं. दिल बराबर हाये."

"येवढे मोठे डाक्टर," त्याची आई म्हणाली, "अन् पोट्ट्याच्या फासोळ्या नाही दिसल्या तुमाले?"

लोक हसले. सरही हसले. माझीच मान खाली गेली. पोरगा मात्र हसला नाही. तो म्हणाला, "काल चुकले, आज बराबर हाये हे कायवरून?"

सर उठले. धाकट्याकडून बूट मागून घेतले आणि त्याच्यापुढे ठेवले. "चाल. तू पळ, मी तुह्या मांगं पळतो. काई झालं तं मी हाये."

तलावाच्या पाळीवर पोरगा पुढे, मागे चपला फटफटवत मिलीमीटर सर. सगळा गाव पोट धरून हसत होता. आंब्यापर्यंत जाऊन सर मटकन बसले. पोरगा पूर्ण फेरी मारून आला आणि त्यांच्यापुढे हात धरला. सर धापा टाकत त्याची नाडी बघत राहिले. मी स्कूटरजवळच उभा होतो, कुणी ओळखीचं बघत नाही ना याची काळजी करत.

पोरगा पुढे वनरक्षक झाला. सर आता नाहीत. माझ्या दवाखान्यात मशीन नवं आहे, मापं चोख आहेत, आणि पेशंट मला नावाजतातही. पण त्यातल्या एकाच्याही मागे मी अजून पळालेलो नाही.