बंकरमध्ये ठेवलेला घास

मंडळी, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहितोय.

आम्ही नवराबायको अंदमान फिरायला आलोय. आज काचेच्या तळाच्या बोटीतून मासे बघितले, मग किनाऱ्यावरच्या जुन्या जपानी बंकरमध्ये सावलीला बसून आमच्या गावाहून, कुंडलहून आणलेली कडक भाकरीची शिदोरी सोडली.

आमचे चुलतपणजोबा चाळीसच्या दशकात लढाईला गेले, ते कुठल्याशा बेटावरून परतलेच नाहीत. घरी रोज त्यांच्या नावानं घास ठेवतात, कावळा नेतो. बायकोनं सवयीनं इथंही ठेवला. दारात फोटो काढून वळलो, तर घास गायब! आत चिटपाखरूही नव्हतं.

घाबरून आईला फोन लावला. मी काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "आरं, हितल्या घासाला आज कावळा शिवला न्हाई."

उद्या आमचं परतीचं विमान. त्यांना इथं एकटं सोडून निघायचं कसं, तुम्हीच सांगा.