फॉर्मवरची लक्ष्मी

२०१२ च्या पाडव्याला इथे परदेशात, माउंट रॉस्किलमध्ये आम्ही किराणा दुकान काढलं, तेव्हा भागीदारीच्या फॉर्मवर माझं नाव आधी आणि नवऱ्याचं नंतर होतं. दुकान खरं त्याचंच, आयटीतली नोकरी सोडून काढलेलं. मी हॉस्पिटलात फार्मासिस्ट, दुकानात फक्त साखर संपली की जाणारी. पण पुण्याच्या ज्योतिषांनी माझ्या पत्रिकेत धनयोग पाहिला होता, आणि घरच्या लक्ष्मीचं नाव कागदावर हवंच, असं नवऱ्याचं म्हणणं. फॉर्मला हळदकुंकू लावून मी सही केली. पेशंटला साधी गोळी देताना तीनदा लेबल वाचणारी मी, तो फॉर्म एकदाही वाचला नाही. मुहूर्त टळत होता.

वर्षभरात आमचं फिसकटलं. दुकानामुळे की आमच्यामुळे, देव जाणे. आधी वेगळे राहिलो, मग घटस्फोट झाला. मुलगी माझ्याकडे राहिली. मी बँकेपासून लायब्ररीच्या कार्डापर्यंत सगळीकडे नाव बदललं आणि शेवटी फॉर्मवरचं नाव काढायला दुकानात गेले. तो अर्ध्या रिकाम्या फळ्यांपाशी तांदळाच्या पिशव्यांना किमतीची लेबलं चिकटवत होता.

"एवढं राहू दे गं," तो म्हणाला. "दुकान आधीच बसायला आलंय. त्यात तुझं नाव काढलं तर..."

मला त्याची कीव आली. म्हटलं, राहू दे, नावाला काय भाडं पडतं?

पुढच्या वर्षी त्यानं दिवाळखोरी जाहीर केली आणि मला टॅक्स ऑफिसचं पत्र आलं. दुकानाचा जीएसटी थकला होता, त्यातला बराचसा घटस्फोटानंतरचा. त्याच्याकडून वसूल होण्यासारखं काही नव्हतं. दुसरी भागीदार मी, म्हणून सगळं माझ्यावर आलं. बॉटनी डाउन्समध्ये दोन खोल्यांच्या छोट्या घरासाठी, इथल्या भाषेत युनिटसाठी, मी डिपॉझिट साठवत आणलं होतं. मुलीचं टेबल कुठल्या खिडकीशी ठेवायचं, तेही ठरलं होतं.

टॅक्स ऑफिसात एक वयस्क बाई होत्या. "किया ओरा" असा इथला नमस्कार करत त्यांनी आधी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी घटस्फोटाचा कागद ठेवला. त्यांनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

"तुमचं लग्न संपलंय, ते दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या. "भागीदारी संपल्याचं मात्र आम्हाला कुणीच कळवलं नाही. तुम्ही नाव का नाही काढलंत?"

लक्ष्मी आणि धनयोग इंग्रजीत कसं सांगणार? मी म्हटलं, "तेव्हा त्याचे दिवस वाईट होते." त्यांनी मान हलवली. थोडा दंड माफ झाला, बाकीच्याला हप्ते बांधून मिळाले. युनिट दुसऱ्या कुणीतरी घेतलं.

मी त्याला पोटभर शिव्या घातल्या, गाडीच्या काचा वर करून, शुद्ध मराठीत. मुलीसमोर एक शब्द काढला नाही. ती शनिवारी त्याच्याकडे जाऊन यायची. एकदा आली आणि म्हणाली, "डॅड कांदे पॅक करतो इन पुकेकोहे. हिज हँड्स स्मेल, मम." त्या दिवसापासून शिव्याही नीट जमेनात.

२०१९ मध्ये तो दिवाळखोरीतून मोकळा झाला. माझे हप्ते अजून चालूच होते. पुढच्याच गुरुवारी माझ्या खात्यात एक छोटी रक्कम आली. 'कशाबद्दल' या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, लक्ष्मी. माझं डोकं फिरलं. लगेच फोन लावला.

"हे काय नवीन? आता तू कुणाचं काही देणं लागत नाहीस. कायद्यानं सुटलास ना?"

"कायद्यानं सुटलो गं," तो म्हणाला.

"मग पाठवायचेच असतील तर लक्ष्मी लिहू नकोस. त्या नावानं खूप झालं. जीएसटी लिही."

"बरं."

पंधरा दिवसांनी पुन्हा तेवढीच रक्कम आली. पुढे लिहिलं होतं, जीएसटी. घटस्फोटाच्या दिवशी मी रडले नव्हते. त्या दिवशी मात्र फार्मसीच्या मागच्या खोलीत जाऊन, दार लावून रडले.