न्हाणीतली टमाट्याची कलमं

गेल्या पावसाळ्यात आमच्या अकोटच्या घरात सगळ्यांनी आठवडाभर अंगणात आंघोळ केली, कारण सुनेनं न्हाणी टमाट्याच्या रोपांना दिली होती. आता मी हे हसून सांगते. तेव्हा माझ्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू होता.

सून म्हणजे अपेक्षा, शेंदूरजनाघाटची. तिचे वडील सूर्यभानजी संत्र्याची कलमं बांधण्यात नावाजलेले. पोरीनं त्यांच्या नर्सरीत लहानपणापासून पिशव्या भरल्या, पाणी घातलं, पण चाकू तिच्या हाती कधी आला नाही. "बाईच्या हातचं कलम धरत नाई," असं ते म्हणायचे, आणि ते तिच्या मनात घर करून बसलं होतं.

आमच्या परसात टमाटे फळावर आले की वाळून जायचे. जमिनीतच मर रोग होता. अपेक्षा म्हणाली, "आई, रानवांग्याले मर लागत नाई. त्याच्या बुडावर टमाट्याचा शेंडा बांधून पाहू काय?"

"बांध ना. मले काहून विचारतं?"

तिनं दोन्ही जातींची रोपं तिरपी कापली, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी सांधे धरले आणि संत्र्याची कलमं ठेवतात तशी उघड्यावर मांडून ठेवली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी माना टाकल्या. पोर पायरीवर बसून राहिली. "बाबा खरंच म्हणत होते," एवढंच बोलली.

मला असा संताप आला! "तुह्या बाबाचं राहू दे. संत्र्याचं लाकूड अन् टमाट्याचं देठ एक हाये काय? बाळंतिणीले कोणी वाऱ्यात बसवते काय?"

ती उठली आणि न्हाणीचं दार उघडून पाहू लागली. आत अंधार, ओल, वारा नाही. दुसऱ्या दिवशी नवीन कलमं तिथं गेली आणि आम्ही बाहेर आलो. आमचे हे, खुशालराव, नळाखाली बसून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "अवो, या घरात मी राह्यतो का टमाटे?"

"टमाटे," मी म्हटलं.

कलमं धरली. सांधा मातीच्या वर ठेवून तिनं ती परसात लावली. हिवाळ्यात शेजारची टमाट्याची झाडं वाळली, आमची फळांनी लदून भिंतीला टेकली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हात धरून दाखवायला न्यायची.

संक्रांतीनंतर सूर्यभानजी आले. परसात उकिडवे बसून त्यांनी एकेका झाडाचा सांधा अंगठ्यानं चाचपला. अपेक्षा चहा घेऊन दारातच थांबली.

"कोनं बांधले?"

"मी, बाबा."

ते उठले. चहा प्यायले, नातवंडांची चौकशी केली. माझी जीभ नुसती वळवळत होती, पण व्याही पडले. निघताना एवढंच म्हणाले, "दोन रोपं दे." तिनं नव्यानं बांधलेली दोन कलमं पिशव्यांत घालून दिली.

आम्ही दोघी त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. परतवाड्याच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, पिशव्या सीटखाली ठेवा."

"नाई," सूर्यभानजी मोठ्यानं म्हणाले, "मांडीवरच राहू द्या. माह्या पोरीनं बांधलेली कलमं हायेत."

अपेक्षानं ओढणी तोंडावर घेतली. मी खिडकीतून आत डोकावले, आणि मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून ओरडून सांगितलं, "सून हाये आमची!"