बाल्कनीतलं पॅनेल

विद्याधर मिरजकरांनी आयुष्यात एकही वस्तू घाईने घेतली नाही. लग्नातला सूट, घरातला मिक्सर, बेंगळुरात बेळ्ळंदूरचा हा फ्लॅट, सगळं पारखून घेतलं. उभी नोकरी त्यांनी सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. बाहेरून आलेला माल त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय यंत्राला लागत नसे. तीन ठिकाणचे दर मागवायचे, तिन्ही माल शेजारी ठेवून बघायचे, मग सही. त्यांनी पास केलेला माल कधी बिघडला नाही. निरोपसमारंभात साहेबांनी हे बोलून दाखवलं होतं. मिरजकरांनी ते वाक्य जपून ठेवलं होतं.

निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही. अंजलीबाई भाजी आणत. मिरजकर देठ मोडून बघत.

"झाली का भेंडी पास?" त्या विचारत. "की परत पाठवू?"

मग त्यांना तळ्याचं काम मिळालं.

सोसायटीच्या मागे एक लहान तळं आहे. बेळ्ळंदूरच्या मोठ्या तळ्याच्या बातम्या पेपरात येतात, याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. जलपर्णीने ते हिरवंगार झालं होतं. रहिवाशांनी संघ काढला, महापालिकेची परवानगी मिळवली आणि जलपर्णी काढायला विजेच्या मोटरवर चालणारी एक होडी आणली. संघाचा सेक्रेटरी जितेंद्र हा पुण्याचा, रिंग रोडवरच्या एका कंपनीत मॅनेजर. होडी चालवायला नागनाथ आला.

नागनाथ निपाणीजवळचा, वेदगंगेच्या काठचा. पुराच्या दिवसांत त्याने गुळाच्या काहिलीत बसवून माणसं पलीकडे नेली होती. बेंगळुरात तो बायकोला घेऊन आला आणि बांधकामावर लागला. पाण्याचं काम आहे असं कळल्यावर तो स्वतःहून संघाकडे आला. बांधाखालच्या एका खोलीत तो आणि गंगव्वा राहत. मिरजकर मराठी बोलतात हे कळल्यापासून तो त्यांना अण्णा म्हणू लागला. बाकी सगळ्यांना तो सर म्हणे.

"अण्णा, गाडीगत चालते की ही," तो पहिल्या दिवशी होडीतून म्हणाला. "वल्हं नगं, काय नगं. माणूस लठ्ठ हुईल हिच्यात."

तो लठ्ठ झाला नाही. कारण होडीत दोन बॅटऱ्या होत्या, आणि एकेक बॅटरी म्हणजे भरल्या घागरीहून जड. धक्क्यावर वीज नव्हती. बांधावरून वायर आणायला परवानगी नव्हती. त्यामुळे काम संपलं की नागनाथ बॅटरी खांद्यावर घेई, खाली टॉवेलाची घडी, आणि दगडी पायऱ्या चढून वॉचमनच्या खोलीत नेऊन चार्जिंगला लावी. मग दुसरी. सकाळी पुन्हा दोन्ही खाली. मिरजकरांनी एकदा हात लावून पाहिला. त्यांच्या हर्नियाचं ऑपरेशन झालेलं होतं.

"ऱ्हाऊ द्या वो अण्णा," नागनाथ म्हणाला. "तुमी उचलाय लागला तर मला तुमास्नी बी उचलाय लागंल."

पण पावसाळ्याच्या तोंडाशी त्याची कंबर धरली. पायऱ्या चढताना तो मध्येच थांबू लागला. गंगव्वा एक दिवस सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. ती फार बोलणारी नव्हती.

"सर, त्यांची कंबर गेली तर आमचं काय न्हाई इथं," ती म्हणाली. "ते वझं तेवढं बघा."

संघाच्या बैठकीत मिरजकरांनीच तोडगा सुचवला. होडीच्या छतावर सोलर पॅनेल बसवायचं. बॅटऱ्या होडीतच राहतील आणि दिवसभर उन्हात आपल्या आपण भरतील. सगळ्यांना पटलं. जितेंद्र म्हणाला, "काका, तुम्हीच सिलेक्ट करा. यू आर द एक्स्पर्ट. ऑनलाइन ऑर्डर करून टाकू, दोन दिवसांत डिलिव्हरी."

"बघून घेऊ," मिरजकर म्हणाले.

आणि ते बघू लागले.

निवड सोपी नव्हती, हेही खरं. काचेचं पॅनेल टिकाऊ, पण जड. छतावर वजन चढलं तर होडी डुलणार, वाऱ्यात आणखी डुलणार. पातळ, वाकणारं पॅनेल हलकं, पण छताला चिकटून तापतं, आणि तापलं की वीज कमी देतं. लहान घेतलं तर पावसाळ्यात बॅटऱ्या अर्ध्याच भरणार. मोठं घेतलं तर छताबाहेर येणार. त्यात धक्क्यावर एक रेन ट्री होतं. त्याची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर जरी पडली तरी बरीचशी वीज जाते. मिरजकर खुर्ची घेऊन बांधावर बसत आणि सावली कुठवर सरकते ते बघत. कित्येक वर्षांनी त्यांना काम असल्यासारखं वाटत होतं.

त्यांनी तीन ठिकाणचे दर मागवले. जयनगरच्या एका दुकानात तर ते तीनदा गेले. दुकानदाराने शेवटी त्यांना कॉफी पाजली. "सर, स्वल्प, जरा लवकर सांगा," तो म्हणाला. "नवीन मॉडेल येईल तोवर."

नवीन मॉडेल आलं. मिरजकरांनी पुन्हा पहिल्यापासून तुलना केली.

अंजलीबाई हे सगळं पाहत होत्या. "कुठलंही आणा," त्या एकदा म्हणाल्या. "अर्धी भरली तरी अर्ध्या दिवसांचं ओझं कमी होईल त्याचं."

"अर्धवट काम करायचं आणि मग वर्षभर दुरुस्त करत बसायचं?"

"मी त्याच्या कंबरेचं बोलतेय. तुम्ही होडीचं बोलताय."

मिरजकरांनी दरांचे कागद पुढे ओढले. त्यांना राग आला होता. बायकोला यातलं कळत नाही असं त्यांना वाटलं. तिचं ते वाक्य पुढे त्यांना अनेकदा आठवलं.

पावसाळा असाच गेला. नागनाथ पट्टा बांधून बॅटऱ्या वाहत होता. भेटला की विचारी, "आलं का वो आमचं पॅनेल?" त्यात तक्रार नसे. घरात पाहुणा यायचा असल्यासारखं विचारी.

पितृपक्ष सरता सरता पॅनेल आलं. काचेचंच, पण बारीक चौकटीचं, वजनाला बेताचं. छताच्या मापाला तंतोतंत. मिरजकरांनी ते बाल्कनीत उभं केलं, वायरींना मीटर लावला आणि आकडा बघून त्यांचा चेहरा फुलला. सांगितलं होतं त्याहून थोडा जास्तच.

"पास?" अंजलीबाईंनी विचारलं.

"अव्वल."

"मग उद्याच बसवा."

इथे मिरजकरांच्या मनात एक गोष्ट आली. कारखान्यात नवीन यंत्र आलं की ते आयुधपूजेच्या दिवशी सुरू करायची पद्धत होती. त्या दिवशी यंत्रांना झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, दारात कोहळा फोडायचा. बायकापोरं कारखाना बघायला येत. मिरजकर एरवी देवळात जाणारे नव्हते, पण नोकरीतला तेवढा एक दिवस त्यांना अजून लख्ख आठवे. ज्या यंत्राला त्यांनी पास केलेला माल लागला होता, त्याला लोक हात जोडत. आयुधपूजा नवरात्राच्या शेवटी, जवळच आली होती. होडीची पूजा करावी, सगळ्या संघाला बोलवावं, आणि तेव्हाच पॅनेल सुरू करावं.

जितेंद्रला कल्पना फार आवडली. "मस्त इव्हेंट होईल काका. फोटो पण येतील."

नागनाथही खूश झाला. "माज्या होडीची पूजा? कोहळा मी आणतो. चांगला दणकट बघून."

"तोवर तुला आणखी थोडे दिवस ओझं," मिरजकर म्हणाले.

"इतके दिस न्हेलं, आता आणि थोडं. सरी अण्णा, चालतंय."

एकट्या अंजलीबाईंना ते पटलं नाही. "तुम्ही कधीपासून मुहूर्त बघायला लागलात?" एवढंच त्या म्हणाल्या.

पॅनेल बाल्कनीतच राहिलं. सकाळचं ऊन सरळ त्याच्यावर येई. मिरजकर चहा घेता घेता मीटर लावत, आकडा बघत आणि समाधानाने आत जात. समोर झाडांच्या फटीतून बांध दिसे. कधी कधी नागनाथही दिसे, खांद्यावर बॅटरी घेतलेला.

नवरात्रात एका संध्याकाळी परतीचा पाऊस आला. सकाळी पायऱ्या निसरड्या होत्या. नागनाथ पहिली बॅटरी खाली ठेवून आला. दुसरी आणताना त्याचा पाय सरकला.

वॉचमनने नंतर सांगितलं, नागनाथने बॅटरी टाकून दिली असती तर तो नुसता बसला असता, फार तर ढोपर फुटलं असतं. त्याने टाकली नाही. दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली आणि पाठीवर पडला, दगडाच्या कडेवर.

मिरजकर इस्पितळात पोचले तेव्हा तो उताणा पडून होता. कमरेचा मणका तडकला होता. गंगव्वा पायथ्याशी बसली होती. तिने मान वर केली नाही.

"अण्णा," नागनाथ म्हणाला, "बॅटरी फुटली न्हाई."

मिरजकर स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसले.

"तुमी म्हनला हुता न्हवं, कवच फुटलं की आतलं आसिड तळ्यात जातंय, मासं मरत्यात म्हनून. मी सोडली न्हाई बघा."

हे त्यांनी खरंच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, अगदी नीट समजावून.

आयुधपूजा ठरल्याप्रमाणे झाली. ती रद्द करावी असं मिरजकर म्हणाले होते, पण माणसं बोलावलेली होती. ते पहाटे एकटेच पॅनेल घेऊन बांधावर गेले. त्यांनी ते काखेत घेतलं होतं. हर्नियाची भीती वाटावी इतकं ते जड नव्हतंच. छतावर ठेवलं, नट आवळले, वायरी जोडल्या. ऊन वर आलं तसा कंट्रोलरचा हिरवा दिवा लागला. माणसं जमायच्या आत सगळं संपलं होतं. ते होडीतच बसून राहिले.

मग माळा आल्या, केळीचे खुंट आले. कोहळा जितेंद्रने बाजारातून आणला. कुणीतरी पॅनेलच्या काचेवर हळदीकुंकवाचे पट्टे ओढले. एरवी मिरजकरांनी ते लगेच पुसायला लावले असते. त्या दिवशी त्यांनी ते तसेच राहू दिले.

"काका, बॅटरी फुल!" जितेंद्र म्हणाला. "कमाल केलीत."

नागनाथ गावी गेला. डॉक्टरांनी वजन उचलायला कायमची मनाई केली. बॅटऱ्या उचलायची आता गरज नव्हती, पण जलपर्णीचे ओले भारे त्याहून जड असतात. संघाने दुसरा माणूस आणला. तो कामाला बरा आहे. मिरजकर त्याच्याशी फारसं बोलत नाहीत. फक्त रोज सकाळी फडकं घेऊन बांध उतरतात. पाणकावळे पंख वाळवायला पॅनेलवर बसतात आणि काच पांढरी करून ठेवतात. इतका विचार केला, त्यात पाणकावळे आलेच नव्हते. काच पुसायचं काम नव्या माणसाला सांगता आलं असतं. ते सांगत नाहीत.

संक्रांतीनंतर नागनाथ तपासणीसाठी आला. गंगव्वा बरोबर होती. इस्पितळातून परत जाताना त्याला होडी बघायची होती. काठी टेकत तो बांधावर आला आणि वरच्या पायरीवर बसला. खाली उतरण्यासारखा तो नव्हता. मिरजकर त्याच्या शेजारी बसले. गंगव्वा मागे उभी राहिली.

"हेच काय ते?" त्याने विचारलं.

"हेच."

"बारकं दिसतंय की." तो बराच वेळ बघत होता. "बॅटऱ्या भरत्यात?"

"रोज. दुपारच्या आत."

"चांगलं झालं." मग त्याने सहज विचारलं, "बसवाय किती दिस लागलं वो?"

मिरजकरांना खोटं बोलता आलं असतं. नागनाथला ते कळलं नसतं. बसवायला आठवडा लागला, कारागीर लागले, वेल्डिंग करावं लागलं, काहीही चाललं असतं. त्यांनी गंगव्वाकडे पाहिलं. ती पाण्याकडे बघत होती.

"एक सकाळ," ते म्हणाले. "पुरती सकाळही नाही."

"कोन कोन हुतं?"

"मी एकटाच."

नागनाथने मान हलवली. काठीच्या टोकाने तो पायरीच्या फटीतलं शेवाळ खरवडू लागला. मिरजकर वाट बघत राहिले. त्याने काहीतरी बोलावं, निदान एखादी शिवी हासडावी, असं त्यांना वाटत होतं. मनातून ते जवळपास तेच मागत होते.

"चला," गंगव्वा म्हणाली. "गाडी चुकंल."

नागनाथ उठला. उठताना आधार घ्यायच्या सवयीने त्याने मिरजकरांचा खांदा धरला. तेवढ्यात एक पाणकावळा येऊन पॅनेलवर बसला आणि पंख पसरून उभा राहिला.

"हाऽड!" नागनाथ वरूनच ओरडला. पाखरू हललं नाही. "अण्णा, सावली पाडतंय बघा ते."

"बघतो," मिरजकर म्हणाले.

ते दोघं बांधावरून वळेपर्यंत मिरजकर थांबले. मग खिशातलं फडकं काढून पायऱ्या उतरू लागले, एका हाताने दगड धरत.