काट्यांची बशी

दत्तूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीचा डबा उघडून बसले होते आणि पहिला घास तोंडात होता. मामेभाऊ सुनील एवढंच म्हणाला, "वसूताई, बाबा गेले. चहा घेऊन आरामखुर्चीत बसले ते उठलेच नाहीत." मी फोन खाली ठेवला आणि तो घास... टाकला नाही. सावकाश चावून गिळला, मग डबा बंद केला आणि मामांच्या घरी जायला मांडवीची रिक्षा पकडली. समोर बसलेल्या सहकारी बाईंना मी निष्ठुर वाटले असेन. तसं चावायला मला मामांनीच शिकवलं होतं, आणि त्या क्षणी त्यांच्यासाठी मला दुसरं काही करताच आलं नसतं, हे त्या बाईंना सांगायचं अजून राहिलंच आहे.

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. मालवाहू बोटीवर स्वयंपाकी म्हणून त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन घरी आले ते एक लोखंडी पेटी, दुखरे गुडघे आणि बोटीवरची एक जाड, पांढरी, निळ्या काठाची बशी घेऊन. "लोकांचे नवरे परदेशातून सेंट आणतात, आमच्यांनी बशी आणली," असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मामा त्यावर हसायचे आणि जेवताना ती बशी ताटाशेजारी घ्यायचे. तिच्यात माशाचे काटे ठेवायचे, एवढंच तिचं काम.

तीन वर्षांपूर्वी माझं पोट माझ्या हाताबाहेर गेलं होतं. मी दहावीला गणित शिकवते. समीकरण अर्धं फळ्यावर असताना पोटात मुरडा यायचा आणि खडू ठेवून मला मैदानापलीकडच्या स्वच्छतागृहाकडे धावावं लागायचं. परत येईपर्यंत वर्ग हसत नसे, उलट अगदी गप्प बसलेला असे. ते मला जास्त लागायचं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, गाठ नाही, सूज नाही, हे आयबीएस आहे, म्हणजे आतडं चिडकं झालंय, सांभाळत राहायचं. गोळ्या दिल्या आणि वर म्हणाले, "काय खाता याबरोबर कसं खाता तेही एकदा बघा." मला रागच आला. मी तर एकेक पदार्थ बंद करत चालले होते. आधी दूध, मग चपाती, मग सोलकढी, मग मासे. शेवटी दहीभात आणि टोस्ट उरले, तेही वह्या तपासता तपासता सहा मिनिटांत पोटात ढकलायचे. कोकणात जन्मून मी मासे सोडले, तरी पोट काही ऐकेना.

गणपती झाल्यावर एका सकाळी राजीनामा लिहिला आणि शाळेत जायच्या आधी मामांना दाखवायला नेला. वडील गेल्यापासून असलं काही त्यांना विचारल्याशिवाय मी करत नसे. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "अक्षर चांगलं हाय," म्हणाले. मग घडी घालून खिशात टाकला. "ह्यो माझ्याकडं राहू दे. नाताळच्या सुट्टीपर्यंत रोज साडेनवाला हिकडं जेवायला ये. नायच जमलं तर मी सोता नेऊन देतो तुझ्या हेडमास्तरला."

दुसऱ्या दिवशी गेले तर ताटात उकड्या तांदळाचा भात, तारलीचं फिकं कालवण आणि शेजारी ती बशी.

"मामा, मला मासे बंद आहेत."

"कोणी केले बंद?"

"मीच."

"मग तूच चालू कर."

तारली म्हणजे मासा कमी आणि काटे जास्त. मी घड्याळाकडे बघत घास घेतला, काटा टाळूला टोचला आणि डोळ्यांत पाणी आलं. मामी पाणी घेऊन धावली. मामा जागचे हलले नाहीत. "कुठची बोट चुकतेय गो तुझी? मासा मेलेला हाय, पळून जायचा नाय." मी रडकुंडीला आले होते, पण दुसरा घास बोटांनी चाचपून घेतला. तारली घाईत खाताच येत नाही. बोटांनी आधी बघायचं, मग जिभेने, मग दातांनी. त्यात शाळा आठवत नाही, मुरडा येईल का हेही आठवत नाही. त्या दिवशी जेवायला मला अर्धा तास लागला आणि मी घाबरत घाबरत शाळेत गेले. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा नाही.

मग हळूहळू त्यांची स्वतःची हकिगत बाहेर आली. बोटीवर सगळ्यांना बसवून वाढणारा हा माणूस स्वतः चुलीपाशी उभ्याने, कढईतूनच खायचा. त्यांचं पोटही माझ्यासारखंच बिघडलेलं. घरी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की मोजक्या काट्यांची सुरमई खाल्ली की त्रास होतो आणि तारली खाल्ली की होत नाही. मामी म्हणायची, तारली मानवते त्यांना. मामांनी चार महिने विचार करून ठरवलं की मासा नव्हे, काटा मानवतो.

जेवण झालं की त्यांचा एक शिरस्ता होता. हात पुढे करून म्हणायचे, "बशी बघू." काटे स्वच्छ आणि ओळीने ठेवलेले असले की "बरं हाय" म्हणून बशी परत द्यायचे. काट्यांना मांस लटकलेलं असलं, चुरा झालेला असला, की त्यांना सगळं कळायचं. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात मी अशीच गडबडीत जेवले, तर बशी फिरवून फिरवून बघत म्हणाले, "आज तू नाय जेवलीस, तुझा हेडमास्तर जेवला." त्या दुपारी मला वर्ग सोडून धावावं लागलं. सोमवारी, गुरुवारी मासे नसत, तेव्हा मामी शेवग्याच्या शेंगांची आमटी करायची आणि बशीत चोथे जमायचे. त्यांचीही तपासणी व्हायची.

नाताळच्या आधी दहावीचे दोन तास सलग आले. मी दोन्ही घेतले, एकदाही दाराकडे न बघता. संध्याकाळी मांडवीला जाऊन मामांना सांगितलं आणि तिथल्या तिथे रडले. ते खोबरं किसत होते, किसतच राहिले. "माझा कागद द्या," म्हटलं, तर म्हणाले, "कुठं ठेवलाय कोण जाणे, सापडत नाय." पुढे दोन-तीनदा मागितला, उत्तर तेच. माझं दुखणं गेलेलं नाही. परीक्षांच्या दिवसांत अजून डोकं वर काढतं, कधी गोळी घ्यावी लागते. पण आता मी त्याला भीत नाही. मासे खाते, सोलकढी पिते, आणि सकाळची जेवायला मांडवीलाच जात राहिले, कारण मला तिथे आवडायचं.

सुतक फिटल्यावर परवा मामीने घरात पहिल्यांदा मासे केले. तारलीच. "फळीवरची बशी काढ गो," म्हणाली. आजवर ती मामाच काढून द्यायचे. मी बशी उचलली तर तिच्याखाली अंथरलेला कागद बुडाला चिकटून वर आला. कडा पिवळ्या पडलेल्या, मध्ये तेलाचं गोल वळं, आणि वर माझ्याच अक्षरात 'माननीय मुख्याध्यापक यांस'. तीन वर्षं मी ज्याच्याखाली बसून जेवत होते, तो माझा राजीनामा माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर होता.

"मला ठाऊक होता," मामी म्हणाली. "म्हणायचे, वसूच्या हाताला लागू देऊ नको."

आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवलो. मामांची आठवण इतकी दाटून आली होती की वाटलं, आज काटा टोचणार... टोचला नाही. जेवण झाल्यावर मामीने हात पुढे केला.

"बशी बघू."

मी दिली. तिने ती फिरवून बघितली, अगदी त्यांच्यासारखी, आणि म्हणाली, "बरं हाय."

मी काटे त्या राजीनाम्यावर काढले आणि मागच्या दारी मांजरीपुढे ठेवले. मग बशी धुतली, पुसली आणि फळीवर पालथी घातली. खाली कागद अंथरला नाही. शाळा अकराची होती, चालत जायला वेळ होता.