नहरीचा उसासा

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या पाणी संस्थेने बीडजवळची जुनी भुयारी नहर दुरुस्त करायला घेतली. नहरीला हवा देणारे दगडी झरोके म्हणजे उसासे. गाळ पडू नये म्हणून त्यातले कोणते स्लॅबने बुजवायचे, याची यादी माझ्याकडे होती.

एका उसाशाच्या काठावर एक मेंढपाळ बसला होता. नाव मी विचारलं नाही. अनोळखी माणसांशी बोलणं मला जमत नाही. तो चिमूटभर लोकर झरोक्यावर सोडायचा. ती खाली न पडता हलकेच वर तरंगायची, आणि तो मान उंचावून तिच्यामागे बघत राहायचा. आत पिंगळ्याची पिल्लं चिरचिरत होती.

"हे बुजवणार व्हय, ताई?"

"यादीत आहे."

"माणसाचं नाक दाबलं की तोंड उघडतंय. ह्या नहरीचं न्हाई उघडायचं बगा."

तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष स्लॅबचा ट्रॅक्टर घेऊन आले.

"नाना, हा राहू द्या. भोवती कठडा बांधू," मी झरोक्याकडे बघतच म्हणाले.

"आन् गाळ पडला तर उतरणार कोण?"

"मी."

तो शब्द झरोक्यात खोल गेला आणि माझ्यापेक्षा धीट होऊन वर आला. नाना यादीतला तो उसासा खोडेपर्यंत मी तो शब्द ऐकत होते.