आलोच गो

महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके उलटे करून झटकले, तरी भूतकाळ म्हणजे काय हे खरोखर कळलेला माणूस त्यातून एकच पडेल, आणि तो म्हणजे माझ्या नवऱ्याचे मामा. हे मी सुनेच्या नात्याने म्हणत नाही. मी गेली बावीस वर्षं महाडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते आहे. या बावीस वर्षांत क्रियापदाचे काळ कोणाला कळत नाहीत, कळणार नाहीत आणि कळून कोणाचं भलंही होणार नाही, अशा निष्कर्षापर्यंत मी येऊन पोहोचले आहे. मुलं बारा काळांचा तक्ता घडाघडा म्हणतात आणि पेपरात ‘यस्टरडे आय विल गो’ लिहून येतात. पूर्वी मी चिडत असे. आता लाल रेघ मारते आणि पुढचा पेपर ओढते. माझी ही अशी अवस्था झालेली असताना मामा माझ्याकडे शिकायला आले, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, एका हातात शंभर पानी वही आणि दुसऱ्या हातात डब्याची पिशवी घेऊन.

मामा मूळचे कुडपणचे. घर, शेत, दोन म्हशी आणि मामी वर डोंगरावर. मामा खाली महाडच्या एमआयडीसीत, रसायनांच्या एका कारखान्यात ऑपरेटर. आठवडाभर खोलीवर राहायचं आणि सुट्टीला वर जायचं, असं सत्तावीस वर्षं चाललेलं. त्यांच्या ताब्यात सात नंबरचा रिअ‍ॅक्टर होता, म्हणजे रसायनं शिजवायची बंद टाकी. त्याला मामा घरच्या म्हशीसारखं वागवत. शिफ्टला आले की आधी त्याच्या अंगावर हात ठेवायचे, कान लावायचे आणि मग म्हणायचे, आज जरा नाराज हाय. एक नवा इंजिनिअर यावर पोट धरून हसला होता. दोन तासांनी तापमानाचा काटा खरोखरच चढू लागला तेव्हा तोच धावत मामांना शोधायला आला, आणि मामा डबा खात होते. “जेवू दे,” ते म्हणाले, “मी मघाच पाणी वाढवलंय तिचं.” सात नंबर त्यांच्या लेखी बाईमाणूसच होती.

अशा माणसाला इंग्रजीचं काय पडलं होतं, तर एका शब्दाचं. कारखान्यात नवे साहेब आले होते, बाहेरच्या राज्यातले, आणि त्यांनी शिफ्टचं रजिस्टर इंग्रजीत लिहायचा नियम काढला. पहिली शिफ्ट संपताना मामांनी लिहिलं, ‘बॉटम वाल क्लोज्ड’. लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि रिअ‍ॅक्टरच्या बुडाचा तो वाल बंद करायला उठले. वाटेत कोणीतरी हाक मारली, दोन शब्द बोलणं झालं. तेवढ्यात दुसऱ्या शिफ्टच्या माणसाने रजिस्टर वाचून माल सोडला. अख्खा माल वरून आत आणि खालून बाहेर, ट्रेमध्ये. कोणाला इजा झाली नाही, पण चौकशी बसली. तिथे मामांनी सांगितलं की वाल बंद करायचाच होता म्हणून बंद केला असं लिहिलं. साहेबांना हे खोटं बोलणं वाटलं. मला विचाराल तर मामा शुद्ध मराठीत इंग्रजी लिहून बसले होते. आपल्याकडे जो माणूस अंथरुणातून उठलेलाही नसतो तो फोनवर ‘निघालो’ म्हणतो. पानं मांडायच्या आधी ‘झालं, झालं’ अशी आरोळी ठोकतात. धडधाकट माणसं दिवसातून चारदा ‘मेलो’ म्हणतात आणि संध्याकाळी बाजारात भेटतात. आपला भूतकाळ ही एक प्रकारची आशा असते, हे त्या साहेबांना कोण सांगणार? त्यांनी हुकूम काढला: तीन महिन्यांत रजिस्टरपुरत्या इंग्रजीची परीक्षा द्या, नाहीतर रिअ‍ॅक्टर सोडून ड्रम यार्डात जा. ड्रम यार्डात रिकामी पिंपं धुतात आणि रचतात. मामांना पिंपांची लाज नव्हती. सात नंबरला दुसऱ्याचा हात लागेल, ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती.

तर पहिली शिफ्ट सुटली की दुपारी साडेतीनला मामा आमच्या ओटीवर हजर. पहिले पंधरा दिवस माझी उरलीसुरली उमेदही गेली. ‘ही गोज’ मध्ये ‘एस’ का लागतो आणि ‘दे गो’ ला का नाही, यावर ते अडून बसले. एकट्या जनावराला शेपूट आणि कळपाला नाही, असं कुठे असतं का, असा त्यांचा सवाल होता, आणि बावीस वर्षांत मला याचं उत्तर सापडलेलं नाही. क्रियापदांत त्यांचं प्रेम एकट्या ‘कट’वर बसलं. कट, कट, कट. काल जसं तसं आज, भरवशाचं. उलट ‘गो’चा ‘वेन्ट’ होतो हे कळल्यावर त्यांनी तो पोरगा दत्तक घेतलेला दिसतो असं मत दिलं. त्याच दिवशी ‘गो’चा अर्थही त्यांच्या नीट लक्षात आला आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. आमच्याकडे बाईमाणसाला हाक मारायची तर ‘गो’ लागतोच. मामी, मी, माझी मुलगी, म्हशीसुद्धा, सगळ्यांना मामांचा गो. ते खिन्नपणे म्हणाले, “म्हंजे तुमच्या मामीला मी सत्तावीस वर्सं ‘ये गो’ म्हनतोय. ये पन म्हनतोय नि जा पन म्हनतोय.” मामी महाडला राहायला का आली नाही, याचा उलगडा त्यांना त्या दिवशी झाला असावा.

आणि मग एका दुपारी अचानक त्यांना काळ कळले. माझ्यामुळे नाही, हे मी कबूल करते. मी फळ्यावर ‘आय हॅव ईटन’ आणि ‘आय एट’ लिहून डोकं धरून बसले होते. मामा बराच वेळ आपल्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, हॅव ईटन म्हणजे जेवून उठलाय पण हात अजून ओला हाय. एट म्हणजे हात सुकला. हॅड ईटन म्हणजे पाहुणे यायच्या आधीच ह्याचा हात सुकलेला. मी थक्क झाले. इतकी व्याकरणाची पुस्तकं चाळली, पण ओला हात कुठे भेटला नव्हता. आता मी वर्गात हेच शिकवते आणि निम्म्या वर्गाला कळतं, हा माझ्या नोकरीतला विक्रम आहे. फक्त ‘आय शॅल हॅव ईटन’ मामांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. उद्या या वेळेला मी जेवून हात धुतलेला असेन, एवढी हमी माणसाने देऊ नये, असं त्यांचं म्हणणं, आणि ते पान त्यांनी वहीत कोरं सोडलं.

दुसरं एक वाक्य त्यांना कधीच जमलं नाही. ‘मी जातो’ याचं इंग्रजी त्यांनी दर वेळी ‘आय कम’ असं लिहिलं. मी लाल रेघ मारायची, ते पुन्हा तेच लिहायचे. घरातून निघताना कोणी ‘जातो’ म्हणतं का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, मामा, इंग्रजीत म्हणतात. ते म्हणाले, त्यांची घरं वेगळी असतील.

पण एकदा काळ कळल्यावर मामा घरादाराला नकोसे झाले. कोणी काही झालं म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न: ओला की सुका? माझा नवरा म्हणाला, नळवाल्याला सांगितलं. मामांनी विचारलं, ओला की सुका? नवरा मुकाट्याने उठला आणि फोन शोधू लागला. शिंप्याने माझा ब्लाऊज तयार झाला म्हटल्यावर त्यांनी त्याला ब्लाऊजचं कापड दाखवायला लावलं, घडी न मोडलेलं. वरंधच्या एका लग्नात आचाऱ्याने ‘भात उतरवला’ म्हणून सांगितलं, तर मामा उठून चुलीपाशी गेले आणि परत येऊन पंगतीला म्हणाले की तांदूळ अजून धुतलेले नायत. पंगत हसली, पण यजमानांनी पुढच्या कार्याला बोलावलं नाही. दोन तालुक्यांचा कारभार ज्या एका भूतकाळावर चालला होता, त्यालाच मामांनी हात घातला होता. मला मात्र त्यांचा अभिमान वाटायचा. इतक्या वर्षांत एक तरी विद्यार्थी मिळाला होता.

मामा परीक्षा पास झाले. पेढे घेऊन आले, आणि सात नंबरवर परत रुजू झाले. त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात बाहेरचे तपासनीस येणार म्हणून रजिस्टरं चाळली गेली. त्यात दर आठवड्याला एक ओळ भरायची असे: धोक्याच्या घंटा तपासल्या. सगळे ऑपरेटर वर्षानुवर्षं तिथे ‘तपासल्या’ लिहीत आले होते, आता ‘टेस्टेड’ लिहीत. कधी तपासलेल्या असत, कधी तपासायच्या असत. मामांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘नॉट टेस्टेड. आय विल टेस्ट टुमारो.’ साहेबांनी त्यांना बोलावून एक शब्द बदलायला सांगितला. मामांनी हात पुढे करून सांगितलं की हा सुकाच काय, ओलाही नाही, मी जेवायलाच बसलेलो नाही. साहेबांना यातलं काहीही समजलं नाही.

त्या दुपारी ते आमच्याकडे आले आणि काय करू म्हणून विचारलं. इथे मला माझंच सांगायला लाज वाटते. मी वह्या तपासत होते, कंटाळले होते, आणि त्यांची नोकरी जाईल या भीतीने मी पटकन बोलून गेले, “मामा, लिहून टाका ना टेस्टेड. सगळेच लिहितात.”

मामांनी समोरच्या वह्यांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या लाल पेनाकडे.

“पोरांनी लिवलं असतं,” ते म्हणाले, “तर तू रेघ मारली असतीस ना गो?”

मी लाल पेनाला टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर एकेक घंटा वाजवून पाहिली. सगळ्या वाजल्या. मग रजिस्टरमध्ये, आधीची ओळ न खोडता, खाली लिहिलं, ‘आय हॅव टेस्टेड’, आणि माझी शिकवण्याची सगळी हौस त्या एका ‘हॅव’मध्ये फिटली असं मला वाटतं. दुपारी त्यांना चिठ्ठी मिळाली. वयाचा विचार करून हलकं काम, ड्रम यार्ड. इंग्रजी येत नव्हतं तेव्हा जिथे जायची धमकी होती, तिथेच ते इंग्रजी आलं म्हणून गेले. पिंपांना रजिस्टर नसतं. सहा महिने त्यांनी पिंपं रचली. रोज जाता-येता सात नंबरकडे बघायचे म्हणे, पण हात लावायला परवानगी नव्हती. एकदा लांबूनच नव्या ऑपरेटरला म्हणाले की आज तिला पाणी जास्त लागेल, आणि त्याने ऐकलं नाही. पुढे काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही. मग दोन वर्षं बाकी असतानाच त्यांनी नोकरी सोडली.

निघायच्या दिवशी ते पिशवी घेऊन ओटीवर उभे होते. पोलादपूरची एसटी यायची होती, तिथून पुढे कुडपण. वही त्यांनी माझ्याकडेच ठेवली. वर म्हशींना काय वाचून दाखवू, म्हणाले. मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, येतो. मी तोंड फिरवून घेतलं, कारण मला रडू येत होतं आणि शिक्षिकेला ते बरं दिसत नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. परवा मी फोन लावला. वर रेंज मिळत नाही, मिळाली तर म्हशीच जास्त ऐकू येतात. मी म्हटलं, मामा, ओटीवर तुमची खुर्ची रिकामी आहे, वही तशीच आहे, महाडला कधी येताय? शिंप्याला खिंडीत पकडणारा, आचाऱ्याच्या पातेल्यात डोकावणारा, एका शब्दापायी आपली सात नंबर सोडून आलेला हा माणूस. तो आता म्हणेल की येईन, किंवा सरळ म्हणेल की येणार नाही, पण जे म्हणेल ते खरं असेल, म्हणून मी फोन कानाशी घट्ट धरला.

“आलोच गो,” मामा म्हणाले.

त्यांच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती, हे मला इथून दिसत होतं. ते येणार नव्हते, हेही मला कळलं. दोन शब्दांत एक येण्याचा भूतकाळ आणि एक जा. मी म्हटलं, या मामा, वाट बघते. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी चूक काढली नाही.